‘सिंगल हँड’ नाही, शंभर हातांची गाडी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या पुरवणीत जुन्या गाड्या कशा घ्याव्यात यावर लेख आला होता, तसा चांगला होता, पण त्यात एक ओळ होती की भाड्याने फिरलेल्या गाडीच्या वाटेला जाऊच नका. का जाऊ नका, काय होतं, काही नाही, पुढचा मुद्दा. मी स्वतः अशी गाडी घेतलीय आणि चार वर्षं वापरतोय, त्यामुळे म्हटलं आपणही चार ओळी लिहाव्यात, लांबलं तर तुमची कात्री आहेच.

आधी एक सांगतो, मी टॅक्सीबद्दल बोलत नाहीये. टॅक्सी दिवसभर गर्दीत थांबत, सरकत, इंजिन चालू ठेवून ताटकळत राबते, तिचं गणित वेगळं. मी म्हणतोय ती गाडी जी लोक दोन-चार दिवसांसाठी घेतात, स्वतः चालवतात आणि परत आणून देतात.

आता भीती काय असते बघा. दोन वर्षं म्हणजे ७३० दिवस, मधले रिकामे दिवस सोडले आणि एकेकाने सरासरी चार दिवस ठेवली असं धरलं तरी शंभरच्या वर माणसं सहज होतात. जाहिरातीत लोक ‘सिंगल हँड’ (म्हणजे एकाच माणसाने वापरलेली) असं ठळक अक्षरात टाकतात आणि इथे शंभर हात! आणि खोटं कशाला बोलू, मीही भाड्याने गाडी घेतली की स्पीडब्रेकरला स्वतःच्या गाडीइतका ब्रेक मारत नाही, फूटपाथला चाक घासलं तर खाली उतरून बघतो ते गाडीच्या काळजीने नाही, डिपॉझिट कापतील म्हणून. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. त्यामुळे भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही.

पण या शंभर जणांनी बिघडवलं नेमकं काय ते बघायला नको का? सगळे थेट इंजिनवर येतात, ‘रगडलेलं असणार’ म्हणून. आजकालच्या इंजिनाला रेव्ह लिमिटर असतो, अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबा, ठरलेल्या आरपीएमच्या (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) वर ते जातच नाही (हां, मॅन्युअल गाडीत जोरात असताना पाचव्यातून चुकून दुसरा पडला तर लिमिटरही काही करू शकत नाही, तेवढं सोडा). आणि झीज जास्त होते ती गार इंजिन चालू केल्यावरच्या सुरुवातीच्या थोड्या वेळात. म्हणजे एखाद्या काकांची ‘अगदी जपून वापरलेली’ गाडी रोज दोन किलोमीटर जाऊन बंद होत असेल तर तिचं ऑइल कधी पुरतं तापतच नाही, आत साचलेला ओलावा उडून जात नाही, आणि किलोमीटर कमी म्हणून सर्व्हिसिंगही पुढे ढकललेलं. भाड्याची गाडी बहुतेक वेळा लांबच्या रस्त्याला लागलेली असते, इंजिन तापलेलं, वरच्या गिअरमध्ये. मीटरवर आकडा मोठा दिसतो पण इंजिनाला तो तेवढा जड गेलेला नसतो.

त्रास असतो तो दुसरीकडे. क्लचमध्ये, कारण शंभर जणांच्या शंभर सवयी, अर्धे लोक क्लचवर पाय ठेवूनच चालवतात. चाकांत आणि सस्पेन्शनमध्ये, कारण अनोळखी गाडीची रुंदी कुणाला कळत नाही आणि रात्रीच्या अनोळखी रस्त्यावर खड्डा दिसत नाही. आणि आतल्या सामानात, डिक्कीची कड बॅगा ओढून ओढून खरवडलेली असते, ती बघा एकदा, मीटर फिरवता येतो पण डिक्कीची कड कुणी फिरवत नाही.

माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न गाडी कशी आहे हा नसतो, समोरचा ती का विकतोय हा असतो. घरगुती मालक पुष्कळदा तेव्हा विकतो जेव्हा त्याला कळलेलं असतं की आता मोठा खर्च येतोय, गिअरबॉक्स कुरकुरतोय, एसीचा कॉम्प्रेसर गेलाय, आणि तो खर्च तुमच्या गळ्यात मारायचा असतो. तो तुम्हाला सांगेल ‘मोठी गाडी घ्यायचीय’. भाड्याच्या कंपनीचं कारण बहुतेक वेळा कॅलेंडरवर लिहिलेलं असतं, इतके महिने झाले किंवा इतके किलोमीटर झाले की गाडी बाहेर, मग ती चांगली असो वाईट असो. हा धंदा काही आजचा नाही, वॉल्टर जेकब्ज नावाच्या माणसाने १९१८ मध्ये शिकागोत डझनभर फोर्ड मॉडेल टी घेऊन तो सुरू केला, त्याचीच पुढे हर्ट्झ ही मोठी भाडे कंपनी झाली, आणि गाडी नवी असताना घ्यायची, फिरवायची आणि तिची किंमत अजून टिकून आहे तोवर विकायची हे या धंद्याच्या पोटातच आहे. काही गाड्यांचा तर गाडी बनवणाऱ्या कंपनीशी आधीच करार असतो की अमुक महिन्यांनी ठरलेल्या भावाने परत घेऊ, फक्त किलोमीटर आणि डॅमेज अटीत बसलं पाहिजे. अशी गाडी मिळाली तर उत्तम, ती सहसा लवकर बाहेर पडलेली असते.

कधीकधी तर कारणाचा गाडीशी काही संबंधच नसतो. २०२० च्या मे महिन्यात हर्ट्झने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि मग गाड्या धडाधड विकायला काढल्या, कारण कोविडमुळे फिरणारं कुणी नव्हतं आणि देणी उभी होती. गाड्या काय बिघडल्या होत्या का, नाही, कंपनी बिघडली होती. २०२४ च्या जानेवारीत त्यांनीच सुमारे २०,००० इलेक्ट्रिक गाड्या विकणार म्हणून जाहीर केलं, तिथे कारण वेगळं, अपघातानंतरची दुरुस्ती महाग पडत होती आणि मागणी हवी तेवढी नव्हती. म्हणजे कारण शोधलं की सापडतं, आणि त्यावरून गाडीची किंमत काय ते कळतं.

पण कॅलेंडरवरून विकण्याची दुसरी बाजू आहे आणि ती कुणी सांगत नाही म्हणून मी जरा लांबवतो. कंपनी सर्व्हिसिंग वेळेवर करते, ऑइल आणि फिल्टर बदलते, कारण नाही केलं तर वॉरंटी जाते आणि बंद पडलेली गाडी भाडं आणत नाही. पण जो खर्च आपण विकल्यानंतर येणार आहे तो ती कशाला करेल? ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, कूलंट, स्पार्क प्लग, गिअरबॉक्सचं ऑइल ही कामं पुढच्या टप्प्यावर येतात, आणि गाडी नेमकी त्याच्या आधी विकली जाते. टायरही तसेच, अगदी चालतील एवढेच. त्यामुळे घेतल्या घेतल्या ही सगळी कामं आपल्या खिशातून, आणि ते पैसे सौद्याच्या वेळीच बाजूला काढून ठेवायचे. मी ठेवले नव्हते, पहिल्या दोन महिन्यांत चार टायर, ब्रेक ऑइल, बॅटरी असं एकामागून एक लागलं आणि घरी स्वस्तात मस्त म्हणून केलेली फुशारकी अंगाशी आली.

बॅटरीची तर वेगळीच गंमत. गाडी दोन दिवस उभी राहिली की सकाळी सेल्फ मारत नव्हती. बॅटरी बदलली, तरी तेच. शेवटी आमच्या मेकॅनिकने डॅशबोर्डच्या खाली हात घालून एक काळी डबी बाहेर काढली, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, टेप गुंडाळलेली, तिच्या दोन वायरी थेट सप्लायला जोडलेल्या. जीपीएस ट्रॅकर! विकताना काढायचाच राहिला होता, तो रात्रंदिवस करंट खात बसलेला. आता तो खरंच माझा पत्ता कुणाला कळवत होता का नुसताच जिवंत होता कुणास ठाऊक, विकणाऱ्यांना फोन केला तर म्हणाले ‘काढून टाका सर, काही प्रॉब्लेम नाही’. प्रॉब्लेम त्यांना नव्हताच, नवी बॅटरी माझ्या पैशांची होती. स्क्रीनवर ब्लूटूथची यादी उघडली तर अनोळखी लोकांच्या फोनची नावं, नॅव्हिगेशनमध्ये कुणाकुणाचं ‘घर’ सेव्ह केलेलं. पहिल्याच दिवशी फॅक्टरी रीसेट मारा, आणि भाड्याची गाडी परत करणाऱ्यांनो, तुम्हीही मारत जा जरा.

या गाडीच्या आधी एक दुसरी बघितली होती ती सांगितली पाहिजे. दिसायला अशी चकाचक की मेव्हण्यालाही आवडली, जो ‘भाड्याची गाडी म्हणजे धर्मशाळेतली गादी’ असं म्हणत माझ्याबरोबर आला होता. इन्शुरन्स क्लेम एकही नाही, असा कागद पुढे केला. मेकॅनिकने पेंटची जाडी मोजायचं छोटं मशीन आणलेलं होतं, ते बोनेटवर ठेवलं १२०, छतावर ११०, डावीकडच्या मागच्या दरवाजावर ठेवलं तर ६००. कंपनीचा पेंट साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, ६०० म्हणजे खाली पुट्टी भरलीय. मग दरवाजाचं रबर बाजूला करून बघितलं तर आतल्या कडेला पेंटची रेघ, बिजागरीच्या बोल्टवरचा रंग पान्याने उडालेला. वरून कीर्तन आतून तमाशा. क्लेम का नव्हता तर मोठ्या भाडे कंपन्या बरेचदा आपल्या गाड्यांचं नुकसान स्वतःच सोसतात, ठरलेल्या गॅरेजला काम देतात, त्यामुळे ते इन्शुरन्सच्या रेकॉर्डला येतच नाही. म्हणून ‘झिरो क्लेम’ या कागदावर भाड्याच्या गाडीच्या बाबतीत तरी भरवसा ठेवू नका. आणि ते मशीन प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही, तिथे डोळेच वापरायला लागतात.

बाकी आम्ही काय बघितलं ते पटापट सांगतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा, चारही टायर वेगवेगळ्या काळातले असतील तर चाकाला काहीतरी झालेलं आहे, आणि टायर फक्त आतल्या बाजूने खाल्लेला असेल तर अलाइनमेंट किंवा त्याच्या मागचं काहीतरी वाकलंय. क्लचसाठी मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये हळू असताना एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा, आरपीएम वर पळाला आणि गाडी तिथेच रेंगाळली तर क्लच घसरतोय. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या बिघाडाच्या नोंदी वाचणारं यंत्र) लावून नुसते एरर कोड नाही बघायचे, कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चाललीय तेही बऱ्याच गाड्यांत दिसतं, तिथे आदल्या दिवशीचा आकडा दिसला तर हात जोडून बाहेर पडा. गाडी रॅम्पवर घ्या, खालून ठोकर लागलीय का बघा. कागदोपत्री ती भाड्याच्या वापराची म्हणून नोंदलेली असेल तर खासगी नोंद आणि विमा दोन्ही नीट बदलून मिळतंय का ते पैसे द्यायच्या आधी, नंतर नाही.

रिकॉल, म्हणजे दोष सापडला म्हणून कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं, हा शब्द आपल्याकडे कुणी फार मनावर घेत नाही पण घ्या. २००४ मध्ये अमेरिकेत दोन बहिणींचा भाड्याच्या गाडीत मृत्यू झाला होता, त्या गाडीचा रिकॉल निघालेला होता आणि दुरुस्ती न करताच ती पुढे भाड्याने दिलेली होती, त्यावरून लढा होऊन २०१५ मध्ये तिथे कायदा झाला की मोठ्या भाडे कंपन्यांना अशी गाडी दुरुस्त केल्याशिवाय देता येणार नाही. चेसिस नंबर घेऊन त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा की काही बाकी आहे का, दहा मिनिटांचं काम आहे आणि दुरुस्तीही सहसा फुकट होते.

इलेक्ट्रिक गाडीबद्दल मी स्वतः वापरली नाही म्हणून जास्त बोलत नाही, एवढंच की बॅटरीची हेल्थ किती टक्के राहिलीय त्याचा रिपोर्ट आणि बॅटरीची वॉरंटी तुमच्या नावावर होते का, या दोन गोष्टींशिवाय घेऊ नये.

मग फायद्याचं आहे का? माझ्या मते तीन वर्षांच्या आतली, सर्व्हिसची तारखेसकट पूर्ण यादी मिळालेली आणि तशाच घरगुती गाडीपेक्षा निदान दहावा हिस्सा खाली मिळत असेल तर हो, डोळे उघडे ठेवून घ्या. भाव सारखाच सांगत असतील तर अजिबात नाही, कारण पुढे तुम्ही विकायला जाल तेव्हा समोरचा ‘भाड्याची होती ना’ म्हणून तुमचे पैसे कापणारच आहे, मग तुम्ही का नाही कापायचे. आणि ही गाडी बहुतेक वेळा सगळ्यात खालचं मॉडेल असते, पांढरी नाहीतर करडी, तेव्हा तुलना त्याच मॉडेलशी करा, वरच्याशी करून स्वस्त पडली म्हणू नका.

माझ्या गाडीच्या दोन्ही किल्ल्या मला एकाच स्टीलच्या वायरमध्ये अडकवलेल्या मिळाल्या होत्या, भाडे कंपन्या हरवू नयेत म्हणून अशा एकत्र बांधून ठेवतात, कटरने तोडायला अर्धा तास गेला. चार वर्षं झाली, इंजिनाला अजून हात लागला नाही. गेल्या महिन्यात क्लच बदलला. मेव्हणा म्हणतो बघ, मी सांगत होतो. मी म्हणतो त्या क्लचवर चार वर्षं माझा पाय आहे. हा वाद अजून चालू आहे.

आपला,
एक नियमित वाचक