सिस्टरकाकू, तुम्ही फोन केला नाहीत

सिस्टरकाकू,

हे तुमच्यासमोर बसून बोलायला गेले तर तुम्ही "जा, चहा टाक" म्हणून मला उठवाल, म्हणून लिहिते. आणि चारचौघांत लिहिते, कारण फाईल काखेत मारून लातूरच्या दवाखान्यांच्या पायऱ्या चढणारी मी एकटी नव्हते.

आधी कबुली. गेल्या डिसेंबरात, तुमच्या मागच्या खोलीत भाड्यानं होते तेव्हा, पंधरा दिवस मी तुमच्यावर चिडून होते.

जीएनएमची, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाची, तीन वर्षं झाली, निकाल लागला, आणि मला वाटलं आता काय, बार्शी रोड धरा नाहीतर औसा रोड, दहा पावलांवर दवाखाना आहे. नऊ ठिकाणी जाऊन आले. पाच ठिकाणी रिसेप्शनवरच विचारलं, अनुभव किती? तीन ठिकाणी विचारलं, कौन्सिलचा नंबर आला का? महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचा नंबर तोवर आला नव्हता, त्यामुळे तिथं बोलणंच खुंटलं. नवव्या ठिकाणी मात्र लगेच घ्यायला तयार. बारा तास ड्युटी, सहा हजार पगार, दोन वर्षांचा बाँड, आणि ओरिजनल सर्टिफिकेटं त्यांच्या कपाटात. अप्पा म्हणाले, सही करून मोकळी हो, नाहीतर गावाकडं चल.

तो कागद घेऊन मी तुमच्या ओट्यावर आले. तुम्ही भाजी निवडत होता. हात पुसून चष्मा लावला, दोन्ही पानं वाचली आणि म्हणालात, "ओरिजनल दाखवायचे, झेरॉक्स द्यायची. ओरिजनल आपल्या पिशवीत आले की मगच खुर्ची सोडायची." आणि मग पगाराचं सांगितलंत. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली होती आणि तिने २०१६ मध्ये सुचवलं होतं की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी दवाखान्यातही नर्सला महिना २० हजारांच्या खाली पगार नको. तीन वर्षं कॉलेजात काढली, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, मग मला मिळतील का २० हजार?

"नाही मिळणार. पण सहावर सही करताना कितीवर पाणी सोडलालीस ते तरी ठाऊक असावं."

सही केली नाही. घरी दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी अप्पा तुमच्याकडं आले, टोपी काढून बसले आणि म्हणाले, बाई, तुमची अख्खी सर्व्हिस सरकारी दवाखान्यात गेली, इथल्या निम्म्या मेट्रन तुमच्या हाताखालून गेल्यात, एक फोन करा. मी दाराआडून ऐकत होते. तुम्ही सरळ नाही म्हणालात. "फोनवर लागलेल्या पोरीला वॉर्डात कुणी शिकवत नाही. तिच्याशी गोड बोलतात अन् काम दुसरीला सांगतात." अप्पांना ते पटलं नाही. मलाही नाही. ज्यांच्याकडं फोन करायला माणूस असतो त्यांना असली तत्त्वं परवडतात, असं मी त्या रात्री मैत्रिणीला बोलले. ते वाक्य आज परत घेते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला गच्चीवर बोलावलंत. कपडे वाळत घालायच्या दोरीला सलाईनची रिकामी बाटली उलटी टांगलेली, आत साधं पाणी भरलेलं, खाली बादली. हातात तुमचं ते चावीचं एचएमटी घड्याळ दिलंत. म्हणालात, ५०० मिली, आठ तास, सेट २० थेंबांचा, म्हणजे एका मिलीला २० थेंब. लाव. मी गणित पाठ म्हटलं : ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे २१ थेंब. "तोंडानं नको, हातानं." नळीवरचा रोलर फिरवला तर कधी ३५, कधी १२. एकविसावर आणून खाली बसले, दहा मिनिटांनी मोजलं तर १६. कारण तुम्ही मधेच नळीचं टोक थोडं वर उचलून ठेवलं होतं, आणि मला दिसलंही नव्हतं. पेशंट कूस वळला, हात दुमडला, तरी असंच होतं म्हणालात. आठ दिवस रोज तेच. बादलीतलं पाणी तुळशीला. एकदा मी मोरीत ओतायला निघाले तर केवढ्यानं ओरडलात! हे २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं गाव आहे, विसरलीस का म्हणून. त्या वेळी मी शाळेत होते, काकू.

शिरांचंही तसंच. तुमच्या हाताला टुर्निकेट, तो आवळायचा पट्टा, बांधायला लावलंत आणि म्हणालात, डोळे मीट अन् शोध. शीर बघायची नसते, चाचपायची असते. दाबली की रबरासारखी उसळते ती शीर, आणि कडक लागतं ते शीर नव्हे, भलतंच काहीतरी. डोळे मिटून कामून, असं विचारलं तेव्हा तुम्ही किल्लारीचं बोललात. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आसपास जमीन हलली आणि उजाडल्यापासून जखमी यायला लागले. धुळीनं माखलेले हात, कुठला रंग दिसतोय, कुठली शीर. याहून जास्त तुम्ही सांगितलं नाहीत. (सुई मात्र टोचू दिली नाहीत. "मी म्हातारी हाव, गिनीपिग न्हाई.")

वहीही तुमचीच कल्पना. कॉलेजच्या केसबुकात सगळं "केले" असंच लिहिलेलं असतं, तुम्ही खरं लिहायला लावलंत. इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवायची नळी, किती वेळा लावलं, किती जमलं. लहान लेकरांना लावलं का. कॅथेटर, ड्रेसिंग, डिलिव्हरी. माझे आकडे इतके लहान निघाले की लाज वाटली.

मग चार दिवसांच्या अंतरानं दोन गोष्टी झाल्या. कौन्सिलचा नंबर आला, आणि येळवस आली.

बाहेरच्यांना येळवस काय ते कळायचं नाही. वेळ अमावस्येला अख्खं लातूर शेतात असतं. गंजगोलाईच्या बाजारात एरवी पाय ठेवायला जागा नसते, तिथं त्या दिवशी कुत्री झोपलेली असतात. आमच्या घरीही आदल्या रात्री भज्जी शिजत होती, उंडे वळून झाले होते. आणि तुम्ही सकाळी साडेसहाला दारात. "आजच जा. अर्ध्या सिस्टर शेतात गेलेल्या असतील, मेट्रन एकटी पळत असंल. ड्रेस पिशवीत घे. डबा घे. केस बांध, तेल जास्त नको." आई म्हणाली, सणाच्या दिवशी कोण नोकरी मागायला जातं? तुम्ही आईला म्हणालात, पेशंट सण बघून आजारी पडत नाहीत वहिनी.

ऑटो मिळेना, चालत गेले. साठ खाटांचा दवाखाना. मेट्रन मॅडम खरंच वॉर्डात होत्या, स्वतः बीपी घेत होत्या. मला उभ्या-उभ्याच विचारलं. ५०० मिली, आठ तास? २१. इन्सुलिन? इथं मला तुमचा आवाज ऐकू आला. म्हटलं, मॅडम, मिलीला ४० युनिटची बाटली असेल तर लाल टोपणाची सिरिंज, १०० चं असेल तर केशरी. १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर २० च्या जागी ५० युनिट जातील. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "इंट्राकॅथ जमतं?"

वही काढली. अकरा वेळा लावलंय, सात जमलं. लहान मुलांना एकदाही नाही.

आजवर कुणीही विचारलं की मी "हो, जमतं" म्हणत आले होते.

त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. म्हणाल्या, ड्रेस आणलाय? बदलून ये, आज माझ्यासोबत फिर, लेकराच्या हाताला मी लावते ते बघ. संध्याकाळी ओरिजनल बघून परत दिले. पगार २० हजार नाही, पण सहाही नाही. आकडा इथं लिहीत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे.

पहिल्या नाईटला माझ्याकडं २२ पेशंट होते. पुस्तकात जनरल वॉर्डात पाच पेशंटमागे एक सिस्टर असते, ते पुस्तक मी आता उशाखाली ठेवते. पहाटे तीनच्या सुमाराला आठ नंबरच्या आजीचं सलाईन थांबलं. सूज नव्हती, रक्त परत आलं नव्हतं. आजीनं हात दुमडून गालाखाली घेतला होता, एवढंच. हात सरळ केला, पुन्हा लावलं, घड्याळ धरून मोजलं. आजीला जागही आली नाही. सकाळी पुढच्या ड्युटीला ओव्हर देताना सीनियर सिस्टरनं मला दोन गोष्टी सांगितल्या आणि एक शिवी दिली. मला मनापासून बरं वाटलं, काकू. ती मला शिकवत होती.

तुमचं सगळंच मी ऐकेन असं नाही. सरकारी भरतीचा फॉर्म भरीन, पण "खासगीत दोन वर्षांच्या वर राहिलीस तर वाया गेलीस" हे काही मला अजून पटत नाही. बघू.

रविवारी मॉर्निंग आहे, दोनला सुटते आणि तिकडंच येते. दोन महिन्यांचं खोलीभाडं तुम्ही मोजायचं विसरलात, ते आणते. घड्याळही आणते. पट्टा तुटायला आला होता तो बदललाय, त्यावरून ओरडू नका.

आणि मागच्या खोलीत औशाची नवी पोरगी आली आहे म्हणे, तिचाही नंबर आलाय. आमच्याकडं पुढच्या महिन्यात दोन जागा निघतायत. मी काही फोन करणार नाही. तिला ड्रेस आणि डबा घेऊन पाठवा.

तुमची,
मागच्या खोलीतली