पाम बीच रोडवरच्या अनोळखी माणसांनो, मनापासून आभार!

रविवारी मी आणि माझी मैत्रीण हाफ मॅरेथॉन धावलो. २१.०९७५ किलोमीटर! नाव नोंदवल्यापासून "आपल्याला कुठे जमणार" हेच मनात घोळत होतं. आदल्या रात्री तर 'तू एकटीच जा' असा मेसेजही मी तिला केला होता. पहाटे साडेचारला ती नेरूळला माझ्या दारात उभी.

सोळाव्या किलोमीटरनंतर, सीवूड्सच्या आसपास, उजव्या पोटरीत गोळा आला. मी दुभाजकाच्या कडेला बसले, डोळे भरून आले. पांढऱ्या टोपीतले काका, तुमची स्वतःची शर्यत चालू होती हो! तरी तुम्ही खाली बसलात, माझी टाच धरलीत आणि गोळा सुटेपर्यंत पंजा हळूहळू गुडघ्याकडे दाबत राहिलात. "पाच मिनिटं नुसती चाल, बाळा," म्हणालात आणि निघालात. नाव विचारायचं राहूनच गेलं.

मीठ-साखरेच्या पाण्याचा ग्लास घेऊन माझ्यासोबत चार पावलं धावलेली शाळकरी मुलगी, वाहनं थोपवून उभे असलेले वाहतूक पोलीस, तुमचेही खूप खूप आभार. शेवटचा किलोमीटर मैत्रिणीने माझा हात सोडला नाही.

काका, पदक देवापाशी ठेवलंय. पुढच्या वर्षी आम्ही दोघी पुन्हा धावणार आहोत. पांढरी टोपी घालूनच या, म्हणजे ओळखता येईल.