तुझ्या थर्मामीटरविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. पाणी उकळू लागल्यावर आच वाढवली तरी पारा रेघभरही वर सरकला नाही, म्हणून नवा थर्मामीटर सदोष असावा, असे तू लिहिले आहेस. मला विचारशील तर त्याने आपले काम चोख केले. आच वाढवून तू पाण्याला मिळणारी उष्णता वाढवलीस. थर्मामीटर दाखवतो ते तापमान. धार लावण्याच्या चाकावरून उडणारी ठिणगी लालभडक तापलेली असते, तरी हातावर पडली तर जेमतेम चुणचुणते, कारण एवढ्याशा कणात उष्णता ती किती मावणार? बादलीभर कोमट पाण्यात तिच्या कितीतरी पट उष्णता असते.

मग तू दिलेली जास्तीची उष्णता गेली कुठे? ती पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडली. १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २२६० जूल उष्णता लागते आणि तेवढ्या वेळात तापमान जागचे हलत नाही. बर्फाचेही तसेच: १ ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ जूल लागतात, आणि तेवढ्याच उष्णतेने वितळलेले ते पाणी शून्यावरून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापले असते. अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने ही अप्रकट उष्णता ओळखली. ती नसती, तर थर्मामीटर पडताळायला आपल्याला हे दोन स्थिर बिंदू मिळालेच नसते.

तेव्हा अंशांकन कर, म्हणजे थर्मामीटरची वाचने या दोन बिंदूंशी ताडून पाहा, पण माझ्यासारखी घाई नको. मी फ्रीझरमधून काढलेल्या कोरड्या बर्फाच्या खड्यांत थर्मामीटरचा फुगा (पारा भरलेले खालचे टोक) खुपसला आणि पारा उणे ३ वर गेलेला पाहून थर्मामीटरला दोष देत बसलो. तो बर्फच शून्याखाली होता! बर्फ बारीक कुटून, त्याच्या फटी भरतील एवढेच शुद्ध पाणी घालून, अधूनमधून ढवळत काही मिनिटे थांबलो, तेव्हा पारा ०.५ वर स्थिरावला. वाचताना डोळा पाऱ्याच्या टोकाच्या समपातळीत असू दे.

दुसऱ्या बिंदूसाठी फुगा पाण्यात बुडवू नकोस, पाण्याच्या जरा वर वाफेत धर. क्षार किंवा भांड्याचा पृष्ठभाग यांमुळे पाणी स्वतः थोडे अधिक तापू शकते. शिवाय ‘पाणी १०० अंशांना उकळते’ हे वाक्य अर्धवट आहे. ते ७६० मिलिमीटर (पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजलेल्या) वायुदाबाला खरे. दाब ७०७ असेल, तर वाफ ९८ अंशांची असते. स्वीडिश खगोलशास्त्रज्ञ सेल्सिअसने १७४२ साली आपली मापनश्रेणी मांडली, तेव्हाच त्याने ही अट घातली होती. (त्याच्या श्रेणीत उत्कलनबिंदू शून्य होता आणि बर्फ १०० वर, उलटापालट नंतरची.)

माझ्याकडे त्या दिवशी दाब ७०७ होता आणि वाफेत पारा ९९.५ दाखवत होता. म्हणजे ०.५ ते ९९.५ या ९९ विभागांत खरे ९८ अंश. आता माझा पारा ५० दाखवतो, तेव्हा मी त्यातून ०.५ वजा करतो, ९८ ने गुणतो, ९९ ने भागतो आणि वहीत ४९ लिहितो. नळीचे छिद्र सर्वत्र सारखे आहे, हे यात गृहीत धरले आहे, एवढे ध्यानात ठेव.

तुझी दोन्ही वाचने आणि त्या वेळचा वायुदाब मला कळव. आधी बर्फाचे वाचन घे, मग वाफेचे. तापवलेली काच निवल्यावर लगेच पूर्ववत आकुंचन पावत नाही.

तुझा,
जुना मित्र