वुक ब्रांकोविचला फितूर म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला, सर्ब आणि तुर्क यांच्यातल्या १३८९च्या कोसोवोच्या लढाईवरचा लेख दोनदा वाचला. परदेशाच्या मध्ययुगीन इतिहासाला आपण अर्धे पान दिलेत, याबद्दल मनापासून आभार. लेखाला नाव ठेवायला फारशी जागा नव्हती. पण शेवटून दुसऱ्या परिच्छेदात लेखकाने लिहून टाकले आहे की, जावई वुक ब्रांकोविच ऐन लढाईत फितूर झाला आणि म्हणून सर्बांचा राजा लाझार याचा घात झाला. त्या वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबेल, हे आधीच सांगते. सहाशे वर्षांचा डाग चार ओळींत पुसता येत नाही.

माझा या विषयाशी संबंध कसा, तेही सांगायला हवे. माझ्या यजमानांच्या नोकरीमुळे १९८४ ते १९८७ अशी तीन वर्षे आम्ही बेलग्रेडला होतो. तेव्हा तो देश युगोस्लाव्हिया होता. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजीबाई राहायच्या. तिकडे आजीला ‘बाबा’ म्हणतात, आणि ते तोंडात बसायला मला महिना लागला. एकदा त्यांचा सहा-सात वर्षांचा नातू धावत आला आणि बहिणीने मुरंब्याची बरणी उघडल्याची चहाडी करू लागला. आजीबाईंनी हातातले विणकाम खाली ठेवले, त्याच्याकडे बोट रोखले आणि म्हणाल्या, ‘वुक ब्रांकोविच!’ पोरगा रडायलाच लागला. आपल्याकडे घर फोडणाऱ्याला सूर्याजी पिसाळ म्हणतात, तेच हे, एवढे माझ्या लक्षात आले. तो खरा कोण होता, हे कळायला मात्र बराच वेळ लागला. मी इतिहासाची शिक्षिका. त्यामुळे एकदा मागे लागल्यावर ते सुटले नाही.

वुक हा सेवास्तोक्रातोर, म्हणजे दरबारातला मोठा किताब असलेल्या, ब्रांको म्लादेनोविचचा मुलगा. ब्रांको हा सर्बियाचा सम्राट दुशान याच्या दरबारातला सरदार, ओह्रिडकडचा कारभार त्याच्याकडे होता. दुशान १३५५मध्ये वारला आणि त्याचे साम्राज्य सरदारांनी वाटून घेतल्यासारखे झाले. २६ सप्टेंबर १३७१ला मारित्सा नदीकाठी तुर्कांनी मर्न्याव्चेविच या सर्ब सरदार भावांचे सैन्य कापून काढले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दुशानचा निपुत्रिक मुलगा उरोशही गेला. त्या पडझडीत वुकने आपल्या वाडवडिलांच्या द्रेनित्सा भागापासून सुरुवात करून राज्य उभे केले. लाझारची मुलगी मारा त्याला दिली होती. सासरे-जावयांचे चांगले जमायचे. १३७३मध्ये निकोला अल्तोमानोविच या शेजारच्या सरदाराचा पाडाव झाल्यावर आणि १३७८मध्ये जुराज बालशिच हा दुसरा सरदार वारल्यावर वुकचा मुलूख वाढत गेला. प्रिश्टिना, वुचित्र्न, प्रिझ्रेन, स्कोप्ये, झ्वेचानचा किल्ला, त्रेप्चाच्या चांदीच्या खाणी हे सगळे त्याच्याकडे होते. १३८७च्या जानेवारीत डुब्रोव्हनिक या समुद्रकाठच्या शहराच्या व्यापाऱ्यांना लाझारने जशा सवलती कायम करून दिल्या, तशाच त्या महिन्यात वुकनेही आपल्या सनदेने दिल्या. म्हणजे तो सासऱ्याच्या ताटाखालचे मांजर नव्हता. स्वतःचा कारभार, स्वतःची टांकसाळ असलेला माणूस होता.

टांकसाळीवरून आठवले. बेलग्रेडला नाणी जमवणारे एक शेजारी होते. त्यांनी एकदा कापसातून एक चांदीचे नाणे काढून माझ्या तळहातावर ठेवले. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडेसे मोठे, पापडासारखे पातळ, कडेला झिजलेले. त्यांनी भिंग दिले आणि अक्षरे एकेक करून वाचून दाखवली. नाव वुकचे होते. वुक म्हणजे लांडगा. मुले जगत नसली की वाईट शक्तींनी घाबरावे म्हणून मुलाचे नाव असे ठेवायची तिकडे रीत होती. लोकगीते गोळा करणारे वुक काराजिच यांचे नावही त्याच रीतीने ठेवलेले, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. मी ते नाणे हातात धरून कितीतरी वेळ बसले होते. शिवी होऊन बसलेल्या नावाचा माणूस एका काळी बाजारात लोकांच्या हातांहातांतून फिरत होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवले.

आता मुद्द्याचे. लढाई झाली १५ जून १३८९ला, जुन्या पंचांगाप्रमाणे. आजच्या दिनदर्शिकेत तो दिवस २८ जूनला येतो. प्रिश्टिनाजवळच्या माळावर मध्ये लाझार, उजव्या बगलेला वुक आणि डाव्या बगलेला बोस्नियाच्या राजाने पाठवलेला व्लात्को वुकोविच, असे बहुतेक वर्णनांत येते. समोर सुलतान मुराद आणि त्याचे दोन मुलगे, बायझिद व याकूब. त्या दिवशी लाझार मारला गेला आणि मुरादही मारला गेला. दोन्ही बाजूंचे राजे एकाच दिवशी पडले. बायझिदने तिथल्या तिथे भाऊ याकूबला संपवले आणि गादी पक्की करायला माघारी फिरला. बोस्नियाचा राजा त्वर्त्को याने तर विजय झाल्याची पत्रे पाठवली, १ ऑगस्टला त्रोगीरला आणि पुढे फ्लॉरेन्सलाही. फ्लॉरेन्सवाल्यांनी २० ऑक्टोबरला त्याचे अभिनंदन केले. फितुरीमुळे सत्यानाश झाला असता, तर त्याच वर्षी ती बातमी सगळीकडे पसरायला नको होती का?

त्या काळच्या लिखाणात वुकने दगा दिल्याचे कुठेही नाही. लाझारचा मुलगा स्टेफान लाझारेविच याचे चरित्र कॉन्स्टंटाइन नावाच्या विद्वानाने १४३०च्या दशकात लिहिले, त्यातही नाही. वुकचे नाव घेऊन आरोप छापील स्वरूपात येतो तो डुब्रोव्हनिकच्या मावरो ओर्बिनी या पाद्र्याच्या १६०१च्या पुस्तकात. लढाईनंतर २१२ वर्षांनी! त्याच पुस्तकात लाझारच्या दोन मुलींच्या भांडणाची कथा येते. आपापल्या नवऱ्याच्या शौर्यावरून बहिणी भांडल्या, एकीने दुसरीला थप्पड मारली आणि त्या रागातून जावयांत वैर पेटले. हे वाचताना मला कीर्तनातल्या गोष्टीचा वास येतो, दफ्तराचा नाही.

पुढे गाण्यांनी ही कथा उचलली. गुस्ले नावाच्या एकतारी वाद्यावर म्हणतात ती ही गाणी. लढाईच्या आदल्या रात्री लाझार मेजवानी देतो, दुसरा जावई मिलोश ओबिलिच याच्यावर संशय घेतो आणि खरा दगाबाज त्याच पंगतीत मुकाट बसलेला असतो, असे चित्र त्यांत आहे. येशूच्या शेवटच्या भोजनाची घडण आहे ही, आणि तिच्यात यहूदाची जागा रिकामी ठेवता येत नाही. लाझारला चर्चने संत केले. संताच्या मरणाला दगाबाज हवा. जे मेले ते हुतात्मे झाले, मग माळावरून जिवंत परतलेला मोठा सरदार कोण, तर वुक. एका गाण्यात तो बारा हजार चिलखती स्वार घेऊन निघून गेला असे म्हटले आहे. आजचे इतिहासकार लाझारच्या बाजूच्या एकूण सैन्याचा अंदाजच बारा ते तीस हजारांचा करतात. एका सरदाराकडे बारा हजार चिलखती स्वार, हे गाण्यातच शोभते.

आता त्याने पुढे काय केले ते पाहू. माझ्या मते हाच सगळ्यात मोठा पुरावा आहे. लाझारची विधवा मिलित्सा हिने धाकट्या मुलांना घेऊन बायझिदचे मांडलिकत्व पत्करले आणि तिची मुलगी ऑलिव्हेरा बायझिदच्या जनानखान्यात गेली. तिला मी दोष देत नाही. मागे तुर्क आणि वरून हंगेरीचा राजा चाल करून येत असताना त्या बाईने घर वाचवले. पण त्या वेळी नकार देणारा सरदार कोण? तर वुक. स्कोप्ये हातचे जाईपर्यंत, म्हणजे १३९२पर्यंत, तो वाकला नाही. वाकला तोही नाइलाजाने. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्याने ग्रीसमधल्या एथॉस पर्वतावरच्या हिलांदार या सर्ब मठाशी केलेल्या करारात तुर्कांना भरायच्या खंडणीचा उल्लेख आहे. त्याचा सख्खा भाऊ राडोन्या त्याच मठात गेरासिम या नावाने साधू होता. भावाच्या मठाबरोबर बसून खंडणीचा हिशेब लावण्याची वेळ आलेला हा माणूस.

१७ मे १३९५ला आजच्या रोमानियात रोव्हिनेची लढाई झाली. सुलतानाच्या बाजूने स्टेफान लाझारेविच लढला, मार्को मर्न्याव्चेविच लढला, कॉन्स्टंटाइन देयानोविच लढला. मार्को आणि कॉन्स्टंटाइन तिथेच पडले, सुलतानासाठी लढताना. २५ सप्टेंबर १३९६ला निकोपोलिसच्या लढाईत स्टेफानच्या सर्ब घोडदळाच्या धडकेनेच युरोपच्या सरदारांचा कणा मोडला. या दोन्ही ठिकाणी वुक नव्हता. तो गेला नाही. लाझारचा हा कथित वैरी सुलतानाच्या निशाणाखाली उभा राहिलाच नाही. बायझिदने ते पोटात ठेवले नाही. वुकला पकडले, त्याचा बहुतेक मुलूख काढून स्टेफानला दिला आणि वुक कैदेत मेला. तारीखही आहे: ६ ऑक्टोबर १३९७.

मार्को हा सर्बियातल्या घराघरांतला लाडका वीर. शारात्स घोड्यावर बसणारा, अर्धी दारू स्वतः पिऊन अर्धी घोड्याला पाजणारा, अडल्यानडल्यांचा कैवारी अशी त्याची गाणी आहेत. स्टेफानही पुढे संत झाला. दोघेही थोर असतील, मला त्यांच्या मोठेपणातले काही काढून घ्यायचे नाही. पण ज्याने सुलतानाच्या चाकरीला जायचे नाकारले आणि त्यापायी मुलूख, स्वातंत्र्य आणि जीव गमावला, त्याच्याच नावाने आजीबाई चहाडखोर नातवाला रागावतात, हे मला त्या दिवसापासून पचलेले नाही.

का झाले असावे असे? मला वाटते, घरातल्या भाऊबंदकीने हे बीज रुजवले. वुकच्या मागे मारा आणि तिन्ही मुलगे, ग्रगुर, जुराज व लाझार, यांनी घर पुन्हा उभे करण्यासाठी धडपड केली. नोव्हेंबर १४०२मध्ये ग्राचानित्साजवळ त्रिपोल्येच्या मैदानावर मामा-भाचेच एकमेकांवर चालून गेले. एकीकडे स्टेफान, दुसरीकडे त्याच्या बहिणीचा मुलगा जुराज, आणि जुराजच्या बाजूला तुर्क. अशा वेळी ‘बापापासूनच हे घराणे असे’ म्हणणारे दोन्हीकडे भरपूर निघतात. पुढे मामा-भाच्यांत समेट झाला, स्टेफानने जुराजलाच वारस नेमले आणि १४२७मध्ये तो गादीवर आला. डॅन्यूबच्या काठावरचा स्मेदेरेवोचा तो अवाढव्य किल्ला त्यानेच बांधला. मारा १४२६मध्ये गेली. मुलगा राजा झालेला पाहायला एक वर्ष कमी पडले तिला.

हे मी शोधून काढलेले नाही. सर्बियात इलारिओन रुवाराच यांच्यासारख्या अभ्यासक साधूने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, लढाईला पाचशे वर्षे होत असतानाच, कागदपत्रे समोर ठेवून वुकवरचा आरोप टिकत नाही असे लिहिले. केवढा विरोध झाला असेल त्यांना! लोकांच्या ओठांवरच्या गाण्याविरुद्ध उभे राहणे सोपे नसते. आजही तिकडचे गंभीर इतिहासकार ही फितुरी खरी मानत नाहीत. मराठी वाचकापर्यंत मात्र पोहोचते ती गाण्यातलीच गोष्ट.

१९८६च्या जूनमध्ये आम्ही प्रिश्टिनाला गेलो होतो. गावाबाहेर गाझिमेस्तान म्हणून स्मारक आहे, १९५३मध्ये बांधलेला दगडी मनोरा. त्यावर लाझारच्या नावाने सांगितला जाणारा शाप कोरलेला आहे: लढाईला जो सर्ब येणार नाही, त्याच्या हाताखाली द्राक्ष पिकणार नाही की गहू उगवणार नाही. जवळच मुरादची कबर आहे. आम्ही दोन्ही पाहिले. माळावर लाल फुले तुरळक उरली होती, तिकडे त्यांना ‘बोझुर’ म्हणतात आणि ती वीरांच्या रक्तातून उगवतात अशी समजूत आहे. मी आमच्या वाटाड्याला विचारले, वुकचे काही आहे का इथे? दगड, पाटी, काहीही? तो बावचळून माझ्याकडे पाहत राहिला. मी दगाबाजाची चौकशी करते आहे म्हणून नव्हे, तर असे कुणी विचारू शकते हेच त्याच्या कधी डोक्यात आले नव्हते. मग तो हळूच म्हणाला, ‘तो आला होता ना लढाईला. शाप न येणाऱ्यांना आहे.’

आपल्या पुरवणीत दुरुस्ती छापण्याची पद्धत आहे, हे मला माहीत आहे. फार मोठी चौकट नको. ‘वुक ब्रांकोविचने दगा दिल्याचा समकालीन पुरावा नाही, तो १३९२पर्यंत तुर्कांना नमला नाही आणि ६ ऑक्टोबर १३९७ रोजी बायझिदच्या कैदेत मेला’ एवढे पुरेल. तारीख तेवढी गाळू नये.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका