आधी फोन कोणी केला, त्यावरून फोटो कोणाचा?

मा. श्री. पीयूष गोयल,
केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
नवी दिल्ली यांस,

स. न. वि. वि.

आपण उत्तर मुंबईचे खासदार, म्हणून हे पत्र मराठीतच लिहितोय. फोटोच्या हक्काचं गाऱ्हाणं वाणिज्य खात्याकडे कशाला, असं माझ्या मित्रांनीच विचारलं. कॉपीराइटचा विषय 2016 पासून आपल्याकडे आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. एका पतसंस्थेचं कॅलेंडर हातात पडेपर्यंत मलाही नव्हतं.

मी सातारा जिल्ह्यात वृत्तपत्रांसाठी फोटो काढतो. पगारावर कुठेच नाही. फोटो छापला तर मानधन. 2019 च्या वारीत एका दैनिकाच्या डेस्कवरून फोन आला, 'चांदोबाच्या लिंबाला जा, रिंगण कर.' तरडगावच्या अलीकडे माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं. वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व धावतो आणि तो पुढे गेला की लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात. सगळे फोटोग्राफर घोडा टिपतात. मी घोडा जाऊ दिला आणि मातीत वाकलेली एक म्हातारी टिपली. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चार कॉलम फोटो, खाली कंसात 'छाया' आणि माझं नाव. मानधन 250 रुपये. पेट्रोल माझं.

पुढच्या जानेवारीत तीच म्हातारी कॅलेंडरवर दिसली. माझं नाव नाही, पतसंस्थेचा फोन नंबर मात्र ठळक. फोटो दैनिकाच्या जाहिरात विभागाने दिला होता. विचारायला गेलो तर तिथले गृहस्थ चहा पाजून शांतपणे म्हणाले, "आम्हीच तुम्हाला पाठवलं होतं ना? मग फोटो आमचाच." मला वाटलं, दमात घेतायत. घरी येऊन 1957 चा कॉपीराइट कायदा वाचला, तर त्यांच्या बोलण्याला आधार निघाला.

कायद्यानुसार फोटो काढणारा तोच त्याचा कर्ता आणि कर्ता तोच पहिला मालक. पण कलम 17 मध्ये अपवाद आहेत. पहिला पगारी माणसाचा: वेगळा करार नसेल तर नोकरीत काढलेल्या फोटोची मालकी वृत्तपत्राकडे जाते, पण फक्त वृत्तपत्रात किंवा नियतकालिकात छापण्यापुरती. बाकी सगळ्या बाबतींत मालक तो फोटोग्राफरच. दुसरा अपवाद असा की कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला, तर उलट करार नसताना पहिला मालक सांगणारा. इथे 'छापण्यापुरती' अशी मर्यादाच नाही.

म्हणजे त्या दिवशी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या पगारी फोटोग्राफरचा फोटो कॅलेंडरवर गेला असता, तर त्याला हक्क सांगता आला असता. ना पगार, ना भविष्य निर्वाह निधी, ना विमा असलेल्या मला नाही. आणि मी फोनची वाट न बघता स्वतःहून गेलो असतो, तर तोच फोटो पूर्ण माझा! घोडा तोच, माती तीच. आधी फोन कोणी केला, एवढाच फरक.

कलम 19 प्रमाणे हक्क सोपवायचा तर लेखी करार आणि सही लागते. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. कलम चांगलं आहे. पण जे पहिल्यापासून माझं धरलंच जात नाही, ते मी सोपवणार काय? राहतं कलम 57. त्याने मला फोटोवर नाव मागता येतं, पण त्यासाठी कोर्टात जायचं आणि वकिलाची पहिली फी माझ्या वर्षाच्या मानधनाहून जास्त. कॉपीराइट कार्यालयात एका छायाचित्राची नोंदणी करायला 500 रुपये लागतात. सक्तीची नाही, हे नशीब. म्हातारीचे मला त्याच्या निम्मे मिळाले होते.

2012 च्या दुरुस्तीत गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क मिळाला की तो त्यांच्याकडून लिहूनही घेता येत नाही. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत बोलले. आम्हालाही काही मिळालं: आधी छायाचित्राचा हक्क प्रकाशनापासून 60 वर्षं टिके, आता फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. मी गेल्यावरची सोय झाली. असेपर्यंतचं काय?

कॅलेंडरनंतर मी प्रत्येक कामाआधी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवू लागलो: 'फोटो एकदा छापण्यासाठी. वेबसाइटवर त्या बातमीसोबत. हक्क माझ्याकडे. इतर वापर विचारून, वेगळे पैसे.' एका डेस्कने होकाराचा अंगठा पाठवला आणि घासाघीस करून 250 चे 400 केले. दुसऱ्याने चार महिने फोनच केला नाही. माझ्याऐवजी ते एका कॉलेजच्या पोराचे मोबाइलवरचे फोटो फुकट छापत होते. त्या पोरावर राग धरता येत नाही. पेपरात नाव बघायला मीही एके काळी फुकट दिलेत.

मानधन किती असावं हे आपण ठरवावं, असं माझं म्हणणं नाही. ते मी आणि डेस्क बघून घेऊ. पण भाव करायला बसताना वस्तू कोणाची हे तरी ठरलेलं हवं. म्हणून वृत्तपत्रांसाठी काढलेली छायाचित्रं त्या दुसऱ्या अपवादातून वगळा. हा नियम ब्रिटिश कायद्यातही होता. त्यांनी तो 1988 च्या कायद्याने काढून टाकला, कॅनडाने 2012 मध्ये. लग्नाचे, घरगुती फोटो फोटोग्राफरने भलतीकडे विकू नयेत ही काळजी रास्त आहे. ब्रिटनने त्यासाठी खासगीपणाचं वेगळं कलम ठेवलं, आपल्यालाही ठेवता येईल. आणि कायदा बदलेपर्यंत आपल्या कॉपीराइट कार्यालयाने मराठीसह सगळ्या भाषांत एकपानी कराराचा नमुना तरी काढावा. माझा व्हॉट्सॲपचा मजकूर हवा तर घ्या, त्यावर माझा हक्क सांगणार नाही.

यंदाही चांदोबाच्या लिंबाला जाणार आहे. डेस्कचा फोन यायच्या आतच घरून निघेन म्हणतो.

आपला,
एक मुक्त वृत्तछायाचित्रकार,
जि. सातारा