तुझ्या लेफ्टनंटविषयी

प्रिय मिलिंद,

तुझ्या नाटकाचा खर्डा एका बैठकीत वाचला. पाणबुडीतली घुसमट झकास उतरली आहे. डिझेलचा वास येतो अगदी. पण तुझा लेफ्टनंट पहिल्याच अंकात टॉर्पेडो सोडायला नकार देतो आणि थेट संतपदी पोचतो. अरे, मग दुसऱ्या अंकात त्यानं करायचं काय?

मार्टिन नीमोलरचं चरित्र बघ. आपल्याला तो ठाऊक आहे हिटलरला आव्हान देणारा पाद्री म्हणून. पण पहिल्या महायुद्धात तो जर्मन पाणबुड्यांवर अधिकारी होता आणि १९१८मध्ये यूसी-६७चा कप्तान झाला. जानेवारी १९१७मध्ये तो यू-३९वर असताना त्यांनी भूमध्य समुद्रात फ्रेंच सैनिकांनी भरलेलं जहाज बुडवलं. सोबतची विनाशिका पाण्यातल्या माणसांना उचलू लागली, तर यांनी पेरिस्कोप दाखवून तिला त्या कामापासून हुसकायचा प्रयत्न केला. हिशेब सरळ होता: आज वाचलेला सैनिक उद्या आपल्याच माणसांवर गोळी झाडणार. त्यावरून अधिकाऱ्यांमध्ये बोलणं निघालं, आणि ते नीमोलरच्या मनातून गेलं नाही. पुढे आत्मचरित्रात त्यानं त्यावर लिहिलं. तुला पाहिजे तो प्रवेश हाच. कुणी नकार देत नाही, काम चोख होतं, आणि नंतर जेवण कुणाला जात नाही. (जेवणाचं माझ्या पदरचं, नाटकासाठी.)

खरी गंमत पुढे आहे. नौदलात असताना त्यानं एक हुकूम मात्र धुडकावला. कोणता? शस्त्रसंधीनंतर पाणबुड्या इंग्लंडला नेऊन स्वाधीन करण्याचा! म्हणजे तो नडला तो देशाभिमानापायी. शांततेशी त्याचा काही संबंध नव्हता. नौदल सोडलं, १९२४मध्ये धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली, १९३७मध्ये नाझींनी पकडलं. आणि सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध पेटल्यावर या गृहस्थानं साक्सेनहाउझेनच्या छळछावणीतून नौदलात पुन्हा घ्या म्हणून अर्ज केला. ज्यांनी कोंडलं त्यांच्याच आरमारासाठी! अर्ज नामंजूर झाला, सुटका झाली ती थेट १९४५मध्ये. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्याचा रागच आला होता. आता वाटतं, गणवेश अंगावरून उतरला तरी अंगातून लवकर उतरत नसावा.

शांततावादी तो झाला वयाच्या साठीनंतर. अणुविखंडनाचा शोध लावणाऱ्या ओटो हाननं १९५४मध्ये त्याला हायड्रोजन बॉम्ब काय करू शकतो ते समजावलं, तेव्हा. नंतर तो अण्वस्त्रांविरुद्ध बोलत फिरला, व्हिएतनाम युद्ध चालू असताना हनोईला जाऊन हो चि मिन्हला भेटला.

म्हणून म्हणतो, लेफ्टनंटला टॉर्पेडो सोडू दे. नेम लागू दे. त्याच्या शेजारच्या खलाशाला नाव दे, घर दे, कारण समुद्राखाली एकानं हात आखडला तर बुडतात सगळेच, आणि ते त्यालाही कळत असणार. कप्तानाला खलनायक करू नकोस. त्याचं म्हणणं इतकं बिनतोड कर, की प्रेक्षकाला क्षणभर तेच पटावं. आणि प्रार्थनेचं ते लांबलचक स्वगत काप. काप म्हणजे काप, निम्मं करू नकोस.

दुसरा खर्डा झाला की आधी मलाच पाठव. दिग्दर्शकाला एवढ्यात दाखवू नकोस, तो गाणी घालायला सांगेल.

तुझा,
सुहास