थारसाठी ऑर्डरपेक्षा वेगळे कॉइलओव्हर आणि व्हील्स पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

माझ्या थारसाठी मी तुमच्याकडून पुढचे दोन कॉइलओव्हर (स्प्रिंग चढवलेले शॉक) आणि १७ इंची चार अलॉय व्हील्स घेतली. ऑर्डरआधी मेलवर स्वच्छ लिहिलं होतं : पुढे कंपनीचाच बंपर आहे, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढायचं यंत्र) नाही आणि बसवायचीही नाही. गाडी रोज शिरोली एमआयडीसीला जाते-येते, एखाद्या रविवारी राधानगरी-दाजीपूरकडच्या लाल चिखलात. त्यानुसार बिलावर स्प्रिंगचा रेट, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला लागणारा जोर, ८५ न्यूटन प्रति मिलिमीटर आणि व्हीलचा ऑफसेट, म्हणजे व्हील हबला टेकतं ती बाजू त्याच्या मध्यापासून किती बाहेर आहे ते अंतर, अधिक ३० मिमी लिहिला आहे.

जोडणी झाली त्या दिवसापासून प्रत्येक स्पीडब्रेकर उतरताना पुढून 'टक्' वाजतं. फोन केला तर तुमचा माणूस म्हणाला, "सर, नवीन आहे, सेट होईल." फिटरने स्प्रिंगला आधार देणारी फिरती कॉलर तळापर्यंत सैल केली. आवाज तसाच, शिवाय जॅकवर गाडी उचलली की स्प्रिंग हाताने फिरायला लागली.

माझं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. स्प्रिंग काढून व्हर्निअर लावला. तार १४ मिमी, वेटोळ्याचा मध्य व्यास ७८, काम करणारी वेटोळी ७. यावरून रेटचा हिशेब ८५ नव्हे, ११५ च्या जवळ येतो. तारेची जाडी या हिशेबात चौथ्या घातात धरतात. बाकी सगळं तेच ठेवून १३ ची तार घातली असती, तर बरोबर ८५ आले असते. मला आलेली स्प्रिंग विंच आणि लोखंडी बंपरवाल्या गाडीची आहे. माझ्या गाडीच्या वजनाने ती पुरेशी दबत नाही, शॉक उभ्या गाडीतच जवळजवळ पूर्ण उघडा राहतो, आणि चाक खड्ड्यात उतरलं की शेवटाला जाऊन आपटतो.

व्हील्सचं तर मोजायचीही गरज पडली नाही. आतल्या बाजूला ऑफसेट शून्य असा आकडा ओतलेला आहे. कोल्हापुरात कास्टिंगवरचा आकडा कुणी वाचणार नाही, असं वाटलं का? प्रत्येक चाक ठरल्यापेक्षा ३० मिमी बाहेर आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर बंपरच्या कोपऱ्याला घासतो. चिखल सगळा दारांवर.

टायर तुमच्या सल्ल्याने २८५/७० आर १७ घेतले. मूळ २५५/६५ आर १८ चा व्यास ७८९ मिमी, यांचा ८३१. "लिफ्ट आहे, घासणार नाही," हे तुमचंच वाक्य. लिफ्टने उभ्या गाडीची उंची वाढते. चाक पूर्ण वर दाबलं गेलं की मडगार्डमध्ये पूर्वीच्याच जागी जातं. हे विकणाऱ्याला माहीत असायला हवं. तरी टायर मीही विचार न करता घेतले, त्यांचे पैसे मागत नाही.

१५ दिवसांत बिलाप्रमाणे स्प्रिंग आणि व्हील्स बदलून द्या, नाहीतर दोन्हींची रक्कम आणि जोडणीची मजुरी परत करा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी राहतो तिथल्या, म्हणजे कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात मला तक्रार करता येते. त्यासाठी तुमच्या शहरात यावं लागत नाही.

बिल, मेल आणि मोजमापाचे फोटो सोबत आहेत. मी जुने शॉक आणि चाकं परत चढवली आहेत. तुमचा माल वर्कशॉपमध्ये खोक्यात पडून आहे. माणूस पाठवा, त्याच्यासमोर पुन्हा मोजून देतो.

आपला,
एक ग्राहक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर